नऊ फरश्या कमी

फरशीवालीच्या नावावरचं हे पहिलंच काम. आजवर ती बापाच्या हाताखाली सिमेंट कालवायची; बापाचे गुडघे गेले आणि थापी तिच्याकडे आली. शाळेच्या मैदानालगतच्या ऐसपैस भिंतीवर माजी विद्यार्थ्यांची नावं लावायची होती. एका छोट्या फरशीवर एक नाव, शंभर ओळी, ओळीत शंभर. फरश्या भाजून आल्यावर कळलं, यादीत नऊ नावं दोनदा लिहिली गेली होती. ती वगळून उरल्या नऊ हजार नऊशे एक्याण्णव.

"कोरी फरशी नको, आणि कुणाचं नाव कापायचंही नाही," मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या. "चौरस नाही तर आयत, पण चारी कडा सरळ. शनिवारपर्यंत जमलं नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." मागायला काय जातं म्हणा.

गणिताच्या सरांनी तर निकालच लावला. दोनने, तीनने, पाचने, सातने असं भागत भागत त्यांनी वहीची चार पानं भरली होती. "मूळ संख्या आहे ही. कशानंच भाग जात नाही. कितीही ओळी कर, काहीतरी उरणारच. नाद सोड."

भागाकाराशी फरशीवालीचा पहिल्यापासून छत्तीसचा आकडा. पहिलंच काम हातचं जाणार म्हणून तिला रडू फुटलं. पण हात गप्प बसेनात. भिंतीला लावण्याआधी सगळं जमिनीवर कोरडं मांडून बघायचं, आणि कमी पडेल ते सगळं एका कोपऱ्यात ढकलायचं, ही बापाची शिस्त. शनिवारी दुपारी मांडून झालं. कोपऱ्यात तीन बाय तीनची रिकामी जागा दिसली.

ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली. वरच्या सत्त्याण्णव ओळी पुऱ्या होत्या. खालच्या तीन तेवढ्या तोकड्या, सत्त्याण्णव-सत्त्याण्णवच्या. मग त्या तीन ओळी तिने एकेक फरशी करून उचलल्या आणि बाजूला उभ्या लावल्या. वरून खालपर्यंत बरोब्बर बसल्या. सत्त्याण्णव ओळी, प्रत्येकीत एकशे तीन. एकही उरली नाही, एकही कमी पडली नाही.

सरांनी येऊन दोनदा मोजलं, मग वही उघडली. "एकोणनव्वदला थांबलो मी," ते हळूच म्हणाले. "वाटलं, शंभराच्या आत आता काय उरलंय? सत्त्याण्णव राहिला."

ते स्वतःच बाईंकडे गेले. "चूक माझी आहे. काम हिच्याकडेच राहू द्या." बाईंनी मांडणीभोवती एक चक्कर मारली आणि सोमवारी सिमेंट मागवते म्हणाल्या. फरशीवालीला हसावं की रडावं कळेना.

"भागाकार कसा केलास?" सरांनी विचारलं.

"केलाच नाही, सर. इथलं उचलून तिथं ठेवलं."

सर चष्मा पुसत तिच्यासमोर जमिनीवरच मांडी घालून बसले. "परत करून दाखव. सावकाश. मला नीट कळू दे."