त्या फ्रेंच सरदाराने पाँडिचेरी विकली नव्हती

अठराव्या शतकात फ्रेंच सेनापतीने सोन्याची पेटी घेऊन पाँडिचेरी इंग्रजांना विकली, असं मी इथे आखातातल्या मराठी मंडळात व्याख्यान देताना सांगितलं होतं. ते खोटं आहे. पेटी माझी. व्याख्यान रंगेना, लोक मोबाइल काढायला लागले, तेव्हा मी ती घुसडली आणि टाळ्या पडल्या.

मंडळाने त्यावर मुलांचं नाटक बसवलं. बसवणाऱ्या बाई वसईच्या. हॉस्पिटलच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून तालमी घ्यायच्या, त्याही आमच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये, सोफे भिंतीला सारून. सेनापती झाली माझी नात.

पहिल्याच तालमीत मी बाईंना म्हणालो, "ती पेटी काढा. तो गद्दार नव्हता."

"अंकल, गद्दार नाही तर नाटकात उरलं काय?"

काय उरलं ते मी सांगत बसलो. माणूस खानदानी, शूर, पण जिभेला हाड नाही. पाँडिचेरीच्या कारभाऱ्यांना तो तोंडावर चोर म्हणायचा. तोफा ओढायला त्याने माणसं जनावरांसारखी जुंपली. संत नव्हताच. पण सैन्याचे पगार थकलेले, समुद्रावरून मदत नाही, वेढ्यात खायला अन्न नाही. शहर पडलं ते त्यामुळे. इंग्रजांनी त्याला कैद करून विलायतेला नेलं. तिथे कळलं, मायदेशी आपल्याला फितूर म्हणतात. तर हा गडी परवानगी काढून आपल्या पायांनी फ्रान्सला गेला, आरोपांना उत्तर द्यायला. तिथे त्याला तुरुंगात टाकलं. शिरच्छेदाला नेताना तोंडात बोळा कोंबला, बोलू नये म्हणून. पुढे मुलगा वर्षानुवर्षे भांडला तेव्हा कुठे तो निकाल रद्द झाला.

"फार लांबतं हे, अंकल. पेटी मुलांना आवडते. खलास."

मी मंडळाच्या सेक्रेटरीला फोन केला. तो म्हणाला, "काका, आता स्क्रिप्टला हात लावू नका. आभारप्रदर्शन तुम्हीच करा, त्यात काय ते बोला."

आभारप्रदर्शन! मंडळात आभार ऐकायला आजवर कोण बसलंय? पण दुसरी जागाच नव्हती.

शुक्रवारी नाटक झालं. पेटी उघडली तशी पोरं "गद्दार, गद्दार" ओरडली. मोठ्यांनीही सूर धरला. सेनापती झालेली नात मान खाली घालून स्टेजवर मेली. मी माइकपाशी गेलो. "मंडळी, एक दुरुस्ती आहे," म्हणेपर्यंत खुर्च्या सरकल्या. कुणीतरी म्हणालं, "यल्ला, चला, वडे गार होतायत." मी बोलतच राहिलो. बोळ्यापर्यंत आलो तेव्हा समोर होता फक्त साउंडवाला, वायर गुंडाळत.

नात स्टेजच्या पायरीवर बसून चिकटवलेली मिशी सोलत होती. तिला मराठी कळतं, उत्तर इंग्रजीत येतं.

"सो ही डिडन्ट डू इट?"

"नाही."

"देन व्हाय डिड दे शाउट ॲट मी?"

"मी त्यांना तसं सांगितलं होतं म्हणून."

तिने वड्यांच्या रांगेकडे बोट केलं. "देन गो टेल देम. दे आर राइट देअर."

मी गेलो. रांगेतल्या पहिल्याच माणसाने माझ्या हातात प्लेट ठेवली. "काका, झकास झालं! पेटीची आयडिया तुमचीच ना?"

"माझीच," मी म्हणालो. "त्याने पाँडिचेरी विकली नव्हती. मी त्याला विकायला लावली."

"वा!" तो म्हणाला. "हा डायलॉग नाटकात का नाही घेतला?"