रेडकूसाठी घासलेली फरशी

फरशीवाल्याच्या घरात पाऊल टाकणारा आधी खाली बघायचा, कारण फरशीत त्याचंच थोबाड दिसायचं. लोकांच्या फरश्या घासून चकचकीत करण्यात फरशीवाल्याचा जन्म गेला होता, आणि स्वतःच्या घरी तर त्याने जीव ओतला होता.

त्या आरशावर रेडकू वाढलं. रेडकू म्हणजे त्यांचा कुत्रा. वर्षाचाही नव्हता, पण अंग दांडगं. फरशीवाला कौतुकाने चारायचा आणि ते धूड पळत आलं की मागचे पाय फाकून धप्पकन आपटायचं. सगळे पोट धरून हसायचे. एका सकाळी त्याला उठताच येईना, तेव्हा हसणं थांबलं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला. म्हणाल्या, खुब्याचे सांधे ढिले आहेत. वाढतं वय आहे, सुधारेल. पण खाणं मोजकं, उड्या बंद, दोरी धरून हळूहळू चालवायचं. घसरत राहिला तर मात्र ऑपरेशन. मग त्यांनी विचारलं, घरातली फरशी कशी आहे?

"आरशासारखी," फरशीवाला छाती फुगवून बोलून गेला. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की फुगलेली छाती जागच्या जागी बसली.

त्याने सतरंज्या अंथरून पाहिल्या. रेडकू सतरंजीसकट भिंतीवर जाऊन आदळलं.

"अहो, त्याला पाय हवेत," बायको म्हणाली. "तोंड बघायला आरसा आहे आपल्याकडे."

दुसऱ्या दिवशी फरशीवाल्याने घासायचं मशीन घरी आणलं. चकाकी आणायचे बारीक दगड बाजूला ठेवले आणि सगळ्यात जाडाभरडा दगड चढवला. बटणावर बोट ठेवून बराच वेळ नुसता उभा राहिला. मग दाबलं. संध्याकाळपर्यंत चकाकी जाऊन फरशी पार खरखरीत झाली होती आणि तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा.

पुढे रेडकू केविलवाणे डोळे करून वाटीकडे बघायचं आणि फरशीवाला दुसरीकडे. चोरून घास कोण देतं, यावर बायकोचा पहारा होता. बहुतेक वेळा नवराच सापडायचा. रोज दोन्ही वेळा दोरी धरून तो रेडकूच्या चालीने चालला. हळूहळू मांड्या भरल्या, पाय फाकायचे थांबले.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा खुबे दाबून पाहिले, त्याला इकडून तिकडे चालवलं. ऑपरेशन लागणार नाही म्हणाल्या. फरशीवाल्याने मान हलवली, बाहेर येऊन नाक शिंकरलं आणि भर बाजाराची वाट धरली.

"अहो, घर इकडे," बायको म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला. "जरा लोकांना याची चाल बघू दे."