न मिसळलेलं ऑइल

हे मी कुणालाच बोललो नाही. बायकोला नाही, धाकट्या भावाला — मल्लूला — तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही लोहाऱ्याचे नाही म्हणून. असाल तर? असो. आता तोंड उघडलंय.

लोहाऱ्यात माझं ट्रॅक्टर आणि पंपांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. या धंद्यातली एक रीत आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मिस्त्री गिऱ्हाईक घेऊन येतो तेव्हा बिलात त्याचा वाटा मी आधीच धरलेला असतो. गिऱ्हाईक चहा पितं, मिस्त्री मान हलवतो, सगळं गोडीगुलाबीत होतं. वीस वर्षं हेच करतोय. मग वाटा न खाणारा मिस्त्री असतो, हे माझ्या गळी कसं उतरावं?

दत्ता मिस्त्री सास्तूरचा. दहा-बारा वर्षं आखातात शर्यतीच्या गाड्यांवर काम करून परत आला आणि नळदुर्गला हायवेच्या कडेला पत्र्याची शेड टाकली. मल्लूला शर्यतीचं लई वेड. आमच्या वडिलांच्या — अप्पांच्या — जुन्या मोटारीत रोटरी इंजिन बसवायचं त्यानं डोक्यात घेतलं — पिस्टन नाही, आत तिकोनी रोटर गरागरा फिरतो, आकारानं एवढंसं आणि ताकद बेफाम. गाडी रस्त्यावर चालवायची नाही, ट्रकवर चढवून शर्यतीला न्यायची. पैसा माझा, म्हणून कागद माझ्यापुढं आला.

दत्तानं वहीचं एक पान भरून अंदाज काढला होता. इंजिन, गिअरबॉक्सला जोडायची प्लेट, मोठा रेडिएटर, पेट्रोलचा पंप, वायरिंग. सगळ्यात खाली — अडीअडचणीला राखीव. ती ओळ वाचली आणि मनात म्हटलं, आला बघा याचा वाटा!

ते पान खिशात घालून मी गुपचूप सोलापूरला गेलो. दुकानं पालथी घातली, मुंबईला फोन लावले. एकेक भाव बरोबर निघाला. रेडिएटरचा तर दत्तानं कमीच धरला होता. तिथं माणसानं गप बसावं की नाही? मी नाही बसलो. म्हटलं, रेडिएटरमध्ये कमी धरतोय म्हणजे इंजिनात हात मारणार. झिजलेलं काहीतरी आमच्या गळ्यात बांधणार.

इंजिन आलं, दत्तानं उघडून जुळवलं, बसलं, सुरूही झालं. आणि दत्तानं पेट्रोलच्या टाकीत टू-टी ऑइल ओतलं, जुन्या स्कूटरला ओतायचे तसं! मी बघतच राहिलो. आमच्याकडं कुणीही सांगेल — ऑइल पिणारं इंजिन म्हणजे आतून झिजून बोअरला आलेलं इंजिन. दत्ता समजावत होता, की या इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबर जळायलाच लागतं. रोटरच्या टोकांना पट्ट्या असतात, त्यांना तेवढाच ओलावा. तो नाही मिळाला तर आतली भिंत खरवडून निघते. मी 'व्हय, व्हय' करत होतो. मनात मात्र एकच — सापडला! झिजलेलं इंजिन ऑइलच्या आड लपवतोय.

मग मी काय केलं?

पेट्रोल आणायचं काम मागून घेतलं. दत्तानं ऑइलच्या बाटल्या माझ्या हवाली केल्या, किती लिटरला किती तेही कॅनवर खडूनं लिहून दिलं. मी पेट्रोल आणलं. बाटली फोडली नाही. त्यानं विचारलं, टाकलं का अण्णा? मी म्हटलं, टाकलं. कॅनचं टोपण काढून नुसतं बघितलं असतं तरी रंगावरून कळलं असतं. त्यानं बघितलं नाही. मी टाकलं म्हणालो, एवढं त्याला पुरलं. माझा बेत असा, की ऑइल नसलं म्हणजे इंजिनाचं खरं रूप बाहेर पडेल आणि मल्लूसमोर याची कॉलर धरता येईल.

एका बंद कारखान्याच्या आवारात दर रविवारी चाचणी. पहिल्या रविवारी गाडी अशी सुटली की मल्लू ओरडतच खाली उतरला. दुसऱ्या, तिसऱ्या रविवारीही तसंच. मला आनंद झाला? कसला! मला वाटलं, बघा, ऑइल लागतच नव्हतं, बाटल्यांचे पैसे उगाच लावले. चौथ्या रविवारी अर्ध्यातच गाडीचा जीव गेला. पुन्हा सुरू झालीच नाही.

दत्तानं इंजिन उघडलं. पट्ट्या झिजलेल्या, भिंतीवर बोट घातलं तर लागतील असे ओरखडे. त्यानं पट्ट्या पुसून ओळीनं मांडल्या. मग मल्लूच्या देखत विचारलं, "अण्णा, ऑइल दर बारीला टाकलं व्हतं न्हवं?"

तेव्हा सांगता आलं असतं. वेळ होती. मल्लू माझ्याकडं बघतही नव्हता.

"टाकलं म्हटलं की! मी काय लहान लेकरू हाय का?" — मी वर आवाज चढवला.

त्याचा विश्वास बसला. माझ्यावर. पट्ट्या बसवताना ठेवायच्या फटी आपल्याच हातून चुकल्या, असं तो म्हणाला, आणि सगळी मजुरी आणून माझ्या हातावर ठेवली. मी घेतली. मल्लूची शर्यत बुडाली; त्यानं नळदुर्गभर दत्ताचं नाव खराब केलं आणि मी शेजारी उभा राहून ऐकत होतो. शर्यतीची कामं दत्ताकडं यायची बंद झाली. म्हणजे त्यानंच घेणं सोडलं.

आता तो ट्रॅक्टर, टेम्पो दुरुस्त करतो. पार्ट माझ्याच दुकानातून नेतो. एकदा मी त्याचा वाटा पुढं केला — का केला? — तर त्यानं हात मागं घेतला. गिऱ्हाईकाचं बिल तेवढं कमी करा म्हणाला.

बाटल्या दुकानाच्या माळ्यावर आहेत. सात. सील तशीच.

गेल्या आठवड्यात त्यानं माझ्या टेम्पोचं चाक बसवलं आणि पाना माझ्या हातात दिला. "अण्णा, तुमी एकदा बघून घ्या. माझ्या हाताचा आता मलाच भरवसा न्हाय."

मी वाकलो. एकेक नट आवळून बघितला. सगळे घट्ट होते. ठीक आहे मिस्त्री, म्हटलं, आणि पाना परत दिला.