सुनावणीआधीचा आदेश

विद्यापीठाच्या शिस्त विभागातल्या एका कारकुनाला सगळे कलमकाका म्हणत. विद्यार्थ्यांच्या वागणुकीची यच्चयावत कलमं त्यांना तोंडपाठ. साहेब लोकही अडले की त्यांनाच हाक मारत, त्यामुळे काकांची मान जरा ताठच असे.

काकांची एक युक्ती होती. शिस्त समितीपुढे सुनावणीला गेलेला कोणी निर्दोष सुटल्याचं त्यांनी वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मग थांबायचं कशाला? शिक्षेचा आदेश ते आदल्या दिवशीच टाइप करून ठेवत, म्हणजे सह्या जागच्या जागी होत आणि समिती वेळेवर जेवायला मोकळी. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातलाच हा प्रकार. पण विभागात त्याला तत्परता म्हणत.

त्या दिवशी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी आली. परीक्षेत तिच्या बाकाखाली चिठ्ठी सापडली होती. अक्षर आपलं नाही हे दाखवायला तिने वर्षभराच्या वह्या पिशवीत भरून आणल्या होत्या. हजेरीची सही घ्यायला काकांनी फाइलमधून कागद ओढला आणि न बघताच तिच्यापुढे सरकवला. तो आदेश होता. सुनावणीत दोष सिद्ध, एक वर्ष परीक्षेला बंदी.

तिने तो दोनदा वाचला. "काका, मग मी आत कशाला जाऊ?"

"अगं, तो नुसता मसुदा..." काका म्हणेपर्यंत ती जिना उतरली होती.

आतून अध्यक्षांनी विचारलं, "मुलगी आली का?"

खरं सांगितलं तर वीस वर्षांचे आदेश उकरले जाणार. "नाही आली, सर," काका म्हणाले. 'गैरहजर' एवढा शब्द त्यांनी पेनने घातला आणि सह्या झाल्या. घरी गेल्यावर आपलीच लाज वाटत होती, आणि ती बायकोलाही सांगता येईना.

दोन दिवसांनी मुलीचे वडील आले. थकलेला, साधा माणूस.

"साहेब, आदेशात गैरहजर वाचून 'सुनावणीला का गेली नाहीस' विचारलं, तर म्हणते गेले होते, पण निकाल आधीच टाइप करून ठेवला होता. असं कुठं असतं का? खोटं बोलते म्हणून काल पहिल्यांदा हात उचलला मी तिच्यावर."

"असतं," काका म्हणाले. "ती खरं बोलतेय. खोटं मी बोललो."

वडिलांनी नुसतं जिन्याकडे बोट दाखवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मला सांगून काय उपयोग? ती खाली पायरीवर बसलीय. आधी तिला सांगा, मग तुमच्या साहेबांना."

काका कठड्याला धरून खाली उतरले. मुलीचा एक गाल अजून लाल होता. काकांना बघताच, वडीलधारं माणूस समोर आलं म्हणून, ती उठून उभी राहिली. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.