तिसऱ्या हाकेपर्यंत गप्प

वडशात माझ्या मुलीचं छपाईचं दुकान आहे. दिवाळी झाली की इकडे नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि तिच्याकडे हँडबिलांचं काम येतं. मी मागे बसून गठ्ठे बांधते. गिऱ्हाईक आलं की पडद्याआड होते. मुलगी म्हणते, "आई, तू दुकानात काम कराले येतं का लपाछपी खेळाले?"

एकदा तिने मला कॉम्प्युटरवर भराभर सरकणाऱ्या ओळी दाखवल्या. प्रत्येक ओळ म्हणजे बाहेरून कोणीतरी आमच्या कॉम्प्युटरचं दार हलवून पाहिलेलं.

"कोन हायत वं हे?"

"मानसं नाई, आई. चोरांच्या मशीनी. साऱ्यांचीच दारं हलवत फिरतात. उघडं दिसलं का घुसल्या."

अशांशी कसं वागायचं ते कॉम्प्युटरला सांगून ठेवता येतं म्हणे. एक तर "येऊ नको" असं तोंडावर सांगायचं. पण मग आत कोणी आहे हे त्याला कळतं. नाहीतर काहीच बोलायचं नाही. तो वाट पाहून कंटाळतो, घर ओस समजून निघून जातो.

"तू काय करशीन?" तिने विचारलं.

हे मला येत होतं. लहानपणी मोहफुलं वेचायला जंगलात जायचो, तेव्हा माय बजावायची, झाडाआडून हाक आली तर लगेच ओ देऊ नको. भूत एकदाच हाक मारतं, फार तर दोनदा. तिसरी हाक आली तर समज माणूस आहे.

"गप राह्यचं," मी म्हटलं. "साऱ्यांशीच."

मुलगी हसली आणि तिने तसंच करून टाकलं.

आमच्या भिंतीला लागून एका नाटक मंडळीचं ऑफिस आहे. दोघांचं इंटरनेट एकच. तिथले मॅनेजर हँडबिल तयार करून त्यांच्या कॉम्प्युटरवरून सरळ आमच्याकडे पाठवतात. मुलीचं हे हंगामातलं पहिलं मोठं गिऱ्हाईक. इथे चूक झाली तर गल्लीतल्या बाकीच्या मंडळ्याही दुसरीकडे गेल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी मुलगी कागद आणायला गेली होती. भोंग्याची जीप बाहेर उभी होती. रात्रीच्या नाटकाची हँडबिलं घेऊन ती गावोगाव निघायची होती. मॅनेजर दारात आले.

"कोनी हाये का?"

मी पडद्यामागे गप्प.

"छापून झालं का, बाई?"

मी अजून गप्प.

"अवं बाई! सकाळपासून पाठवून राह्यलो, नुसतं गोल गोल फिरून राह्यलं! जीपवाला माह्यावर बोंबलून राह्यला!"

आता माझ्याच्याने राहवेना. भूत काही जीप घेऊन येत नाही. मी बाहेर आले.

"भाऊ, आमचा कॉम्प्युटर तुमच्याशी बोलून नाई राह्यला. कालपासून गप बसवला त्याले."

"माह्याशीबी?"

"साऱ्यांशीच."

"मंग तसं 'नाई' म्हनाले काय झालं होतं त्याले? सकाळीच पेन ड्राइव्ह घेऊन आलो असतो ना!"

ते धावत जाऊन पेन ड्राइव्ह घेऊन आले, तोवर मुलगीही पोचली. मशीन सुरू झालं. मी गठ्ठे बांधत होते आणि मॅनेजर ते जीपमध्ये टाकत होते. जीपवाला कुरकुरतच निघाला, पण भोंगा वाजायला लागल्यावर मुलीने मोठा श्वास सोडला.

मग ती पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसली. मॅनेजरच्या कॉम्प्युटरसाठी दार उघडं ठेवलं. भिंतीपलीकडच्या बाकीच्या कॉम्प्युटरना लगेच "नाही" सांगायचं, म्हणजे कोणी ताटकळणार नाही. आणि बाहेरच्या चोरांसाठी मायचा नियम होता तसाच राहिला.

मॅनेजर आता दारातूनच ओरडतात, "बाई, किती हाका मारू?"

मी पहिल्याच हाकेला ओ देते. पडद्यामागूनच, पण देते.