डेल्मरच्या निळ्या भिंती

डेल्मर टोलेफसनची गाडी बेचाळीस फूट लांब आहे, हे त्याने तुम्हाला अजून सांगितलं नसेल तर तुम्ही त्याला भेटलेलाच नाहीत. हात मिळवताना तो आधी नाव सांगतो, मग लांबी, आणि तुमचं नाव विचारायचं बहुतेक राहूनच जातं.

गाडी म्हणजे मोटरहोम. आम्ही सगळे तिला बसच म्हणतो. अ‍ॅरिझोनातल्या आमच्या पार्कमध्ये डकोटा, मिनेसोटा, आयोवाकडची म्हातारी माणसं अशी चाकांवरची घरं घेऊन नोव्हेंबरात उतरतात आणि तिकडचा बर्फ वितळला की एप्रिलात परत जातात. जन्मभर एकमेकांच्या दारातला बर्फ उपसलेली ही साधी माणसं इथे आली की एकदम सरदार-दरकदार होतात. पोहण्याच्या तलावाजवळची पहिली रांग चाळीस फुटांच्या वरच्यांची. मागची रांग, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, ती बाकीच्यांची. बाकीच्यांत मी, लव्हॉन. माझा नवरा वॉली होता तोवर मीही पहिल्या रांगेत होते. तो गेल्यावर बस विकून हा लहानसा ट्रेलर घेतला, तेव्हापासून पुढच्या रांगेतल्या बायका माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मला कसलीतरी लागण झाली आहे असं त्यांना वाटतं.

माझ्या खिडकीतून टोलेफसनांचा सिमेंटचा कोबा सरळ दिसतो. मी मुद्दाम बघते असं नाही, पण माणसाने डोळे मिटून तरी किती वेळ बसायचं.

त्या बसच्या चार भिंती बटण दाबलं की बाहेर सरकतात. आत तीन टीव्ही, आणि चौथा बाहेरच्या बाजूला, वाळवंट पाहून कंटाळा आला तर. कपडे धुण्याचं यंत्र आहे, त्यात आर्लिस कांदे ठेवते. बाहेर निवडुंग उन्हाने सुरकुतलेले आणि आत विजेची शेकोटी. डेल्मरने चाळीस वर्षं डकोटातल्या जेम्सटाऊनला शेतीची यंत्रं विकली. लोकांच्या गळ्यात लागतं त्यापेक्षा मोठं यंत्र बांधण्यात त्याचा हातखंडा होता. निवृत्त झाला आणि स्वतःच्याच गळ्यात एक बांधून घेतलं.

आर्लिस, त्याची बायको, लग्नाआधी बापाच्या शेतावर धान्याचा ट्रक चालवायची. डेल्मरने तिला बसचं चाक एकदाही हातात दिलं नाही. तिचं काम एकच. बस मागे घेताना मागे उभं राहून, आरशात दिसेल असं, हातांनी खुणा करायच्या. आमच्या पार्कमध्ये कुणी नवीन आलं की सगळे आपापल्या घडीच्या खुर्च्या घेऊन हा सोहळा बघायला येतात. कुणाचा संसार किती पाण्यात आहे, ते तेवढ्या दहा मिनिटांत कळतं.

या नोव्हेंबरात टोलेफसन आले तेव्हाही आम्ही खुर्च्या टाकून बसलो होतो. आर्लिस मागे उजवीकडे उभी राहून दोन्ही हात वर करून थांब, थांब म्हणत होती. डेल्मर थांबला नाही. बसचा मागचा कोपरा, इथे प्रत्येक जागेला असतो तसल्या नळाच्या खांबावर गेला, खांब आडवा झाला आणि पाण्याचा फवारा आम्हा सगळ्यांच्या अंगावर आला.

डेल्मर खाली उतरला. "हात कुठे केला होतास तू?"

"इथे. जिथे नेहमी करते."

"मला दिसलाच नाही."

"दोन्ही हात वर होते, डेल."

"मग नीट करायचे. आणि हा खांब कुणी रोवला इथे? गेल्या वर्षी इतका पुढे नव्हता."

नाचता येईना अंगण वाकडं. आम्ही ओल्या अंगाने पोट धरून हसलो. आर्लिस हसली नाही. ती त्या आडव्या खांबाकडे बघत उभी होती.

जानेवारीत ती एक माहितीपत्रक घेऊन आली. रोज चार वाजता आम्ही जमतो, ज्याची त्याची खुर्ची, ज्याचं त्याचं पेय. तिथे सगळ्यांसमोर तिने ते डेल्मरच्या मांडीवर ठेवलं. चोवीस फुटांची गाडी. एक पलंग, एक शेगडी, दोघांपुरतं टेबल.

"हे काय? पोस्टाची गाडी?" डेल्मर म्हणाला.

"मला चालवता येईल अशी गाडी. एप्रिलात परत जाताना मी तुझ्या शेजारी नुसती बसणार नाही. मला चालवता आली पाहिजे, नाहीतर मी विमानाने जाईन."

"वीस वर्षांत कधी म्हणाली नाहीस."

"वीस वर्षांत नळ पाडला नव्हतास."

आमच्यात गॉर्डी म्हणून एकजण आहे. त्याची बस पंचेचाळीस फुटांची. त्यामुळे तो डेल्मरचा जिवलग मित्र आहे आणि कायमची पोटदुखीही. तो म्हणाला, "घे की डेल. मागच्या रांगेत जागा आहे. लव्हॉनला सोबत होईल. कपडे धुवायला लांब जावं लागणार नाही, हा केवढा फायदा."

एवढं डेल्मरला पुरलं. खरं सांगायचं तर त्याला बसची एवढी पडली नव्हती, रांगेची पडली होती. तो उठला, आत जाऊन रंगकाम करताना लावतात ती निळी चिकटपट्टी घेऊन आला आणि माहितीपत्रकातली मापं बघून गुडघ्यांवर रांगत कोब्यावर ते अख्खं घर आखलं. इथे पलंग, इथे शेगडी, इथे टेबल, इथे दार. भिंती निळ्या. टेबल आणि शेगडी तेवढी खरी आणून ठेवली.

"एक आठवडा," तो म्हणाला. "जेवण, कॉफी, पत्ते, भांडण, सगळं या पट्टीच्या आत. जायचं यायचं दारातून. झोपायला तेवढी बस. भिंतीतून जो जास्त वेळा बाहेर पडेल तो हरला. तू हरलीस तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि तू हरलास तर बस एप्रिलच्या आत विकायची," आर्लिस म्हणाली.

"कबूल. तीन दिवसांत पळशील तू."

पुढचे काही दिवस पार्कात दुसरा विषय नव्हता. लोक सकाळी फिरायला निघाले की वळसा घालून टोलेफसनांवरून जायचे. गॉर्डी त्या नसलेल्या दारापाशी उभा राहून तोंडाने घंटी वाजवायचा आणि आर्लिस उठून नसलेलं दार उघडायची. पाहुणा आला की पोट आत घेऊन शेगडी आणि पलंगाच्या मधून आडवा सरकायचा. एका बाईने नसलेल्या खिडकीला पडदे कुठले लावणार म्हणून विचारलं, आणि ती चेष्टा करत नव्हती.

आर्लिस मात्र मजेत. एका शेगडीवर तिने बटाट्याची हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचं एका भांड्यातलं जेवण, केली, ताट मांडीवर घेतलं, खुर्ची घडी करून पलंगाखाली, म्हणजे पट्टीच्या चौकोनात, सरकवली. जन्मभर तिथेच राहिल्यासारखी वावरत होती. मला तर वाटतं, त्या थोड्या दिवसांत तिला डेल्मरच्या सामानापासून जेवढी सुट्टी मिळाली तेवढी लग्नानंतर कधीच मिळाली नसेल.

आणि डेल्मर? तो भिंतींमधून आरपार जात होता. टेबलापासून उठला की भिंतीतून बाहेर. पलंगाकडे जाताना भिंतीतून बाहेर. पहिल्यांदा सगळे ओरडले, "डेल, भिंत, भिंत." त्याने पायाखाली बघितलं, क्षणभर गोंधळला आणि छाती काढून म्हणाला, "असल्या भिंती मी मानत नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर त्याचं ते पालुपदच झालं. भिंत ओलांडायची आणि म्हणायचं, मानत नाही. पुरुषमंडळींना तो भलताच आवडायला लागला. गॉर्डी म्हणाला, "याला म्हणतात बाणा. हरेल, पण कोंबडीच्या खुराड्यात राहणार नाही." मीही खिडकीतून म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

पाचव्या दिवशी सकाळी आसपास कोणी नव्हतं. मी खिडकीत कॉफी घेत होते. डेल्मर टेबलापाशी पेपर वाचत बसलेला. आर्लिसने त्याचा कप त्याच्या उजव्या हाताशी ठेवला आणि तिथेच, त्याच्या उजव्या खांद्याला लागून, काही न बोलता उभी राहिली.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "कॉफी आणतेस, की झाड लावून बिया यायची वाट बघायची?"

आर्लिसने कप त्याच्या हाताच्या आणखी जवळ सरकवला.

"आर्लिस? अगं, गेलीस कुठे?" त्याने मान वर केली, डावीकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग समोर खिडकीत मी दिसले. "लव्हॉन, ही बसमध्ये गेली का? भिंतीतून गेली असेल तर मोज हं."

मी हसतच तोंड उघडलं, की अरे बाबा, तुझ्या शेजारीच उभी आहे. आर्लिसने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. तिचा चेहरा बघून माझं हसू जागच्या जागी थांबलं.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. डावीकडची भिंत, शेगडीची, डेल्मरने या पाच दिवसांत एकदाही ओलांडली नव्हती. तिथे तो जपून पाय टाकायचा. ओलांडायचा ती दर वेळी उजवी. नळाचा खांबही उजवीकडचाच होता.

आर्लिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो इतका दचकला की कप कलंडला.

"कधीपासून, डेल?"

"काय कधीपासून?"

"डेल."

तो पेपरची घडी करत राहिला. ती घडी काही संपेना. "जुलैपासून," तो म्हणाला. "सकाळी उठलो तर उजवीकडचं सगळं कुणीतरी पुसून टाकल्यासारखं. मला वाटलं, झोप झाली नसेल."

"डॉक्टर?"

"गेलो होतो. तुला म्हणालो ना, दुकानातल्या जुन्या मंडळींना भेटायला चाललोय, तेव्हा."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आता हे असंच राहणार. आणि गाडी चालवू नका म्हणाले. डॉक्टर काय, काहीही म्हणतात."

"आणि तू मला बेचाळीस फूट घेऊन डकोटापासून इथवर आणलंस."

"आणलं ना? काही झालं?"

"नळ झाला."

"नळाचं सोड गं आता."

"तो नळ होता म्हणून सोडते," आर्लिस म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "लव्हॉनची खुर्ची त्याला लागून होती. चार फूट इकडे घेतली असतीस बस, तर आज मी लव्हॉनच्या मुलांना काय सांगत बसले असते?"

मला राग आला, सांगून टाकते. हा माणूस आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा हट्टी म्हणवून घ्यायला तयार होता, आणि त्या हौसेपायी मी बसच्या चाकाखाली जाता जाता वाचले होते. आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. मी खिडकी उघडून चार शब्द सुनावणार होते. पण डेल्मर सांडलेली कॉफी पुसायला फडकं शोधत होता आणि फडकं त्याच्या उजवीकडे पडलं होतं. तो चाचपडत होता. आर्लिसने ते उचलून त्याच्या डाव्या हातात दिलं, तेव्हा मी खिडकीपासून बाजूला झाले.

चार वाजता सगळे जमले. आर्लिस उभी राहिली. "आठवडा भरायची गरज नाही, पैज संपली. डेल हरला. भिंती त्यानेच जास्त ओलांडल्या. बस विकायची."

सगळे डेल्मरकडे बघायला लागले. मला वाटलं, आता तरी खरं बोलेल. तो म्हणाला, "हरलो. पण भिंती फार पातळ बांधतात हल्ली."

हशा पिकला. पडलो तरी नाक वर. गॉर्डीने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "बायकोने मागच्या रांगेत बसवला रे तुला." डेल्मरही हसला. आर्लिस खाली बघून विणत होती. बायको वरचढ झाली, तिने नवऱ्याचं नाक कापलं, असं पुढचे कितीतरी दिवस पहिल्या रांगेत हळू आवाजात चाललं होतं. तिने ते सगळं स्वतःवर घेतलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं अख्खं पार्क म्हणतं. पण हा तीळ मी भिजवला.

मार्चमध्ये बस विकली गेली. घेणाऱ्याला डेल्मरने तीनदा सांगितलं, बेचाळीस फूट आहे. बस फाटकातून बाहेर पडली तेव्हा तो पाठ करून उभा होता आणि निळी पट्टी नखांनी खरवडून काढत होता. पट्टी कुठे आहे हे आर्लिस त्याचं बोट धरून दाखवत होती.

दुसऱ्या दिवशी आर्लिस छोटी गाडी घेऊन आली. जागा मागच्या रांगेत, माझ्या शेजारची. खबर आधीच पसरली होती. अख्खं पार्क खुर्च्या घेऊन हजर. इतकी गर्दी लग्नालाही होत नाही आमच्याकडे. मी माझी खुर्ची नळाच्या खांबापासून चांगली लांब ठेवली होती.

आर्लिस चाकामागे. डेल्मर मागे उभा राहिला, आरशात दिसेल असा, आणि वीस वर्षं साठवलेल्या अधिकाराने खुणा करायला लागला. मागे. मागे. तिकडे. अजून तिकडे. तिकडे म्हणजे जिकडे नळाचा खांब होता तिकडेच. खांब त्याच्या गावीही नव्हता.

आर्लिस आरशात बघून त्याच्या प्रत्येक खुणेला मान डोलवत होती आणि त्यातली एकही पाळत नव्हती. खांबापासून हातभर अंतर ठेवून गाडी एका दमात सरळ आत आली. कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या रांगेला अजून टाळी वाजवायचं जमत नव्हतं.

डेल्मर हात झटकत आमच्याकडे वळला. "बघितलंत? मी उभा होतो म्हणून. नाहीतर ही गेली असती खांबावर."

गॉर्डीने माझ्याकडे बघितलं. त्यालाही काहीतरी कळलं असावं, कारण थट्टा करायची सोडून तो आपली खुर्ची घडी करायला लागला.

आर्लिस खाली उतरली, वळसा घालून डेल्मरच्या उजव्या बाजूला गेली आणि तिने त्याचा हात धरला.

"हो ना," ती म्हणाली. "तुझा हात मला अगदी स्पष्ट दिसत होता."