साडूंचे ठिपके

हिंगोली जिल्ह्यात कुणाला हरवायचंच असेल, तर त्यानं आधी आमच्या साडूंची परवानगी काढावी. औषधं पोचवणाऱ्या आणि रुग्णवाहिका चालवणाऱ्या एका ठेकेदाराकडे त्यांनी वीस वर्षं ड्रायव्हरकी केली. गुडघे गेले तेव्हा मालकानं त्यांना हिंगोलीच्या ऑफिसात पडद्यासमोर बसवलं. प्रत्येक गाडीत जीपीएसची एक डबी, प्रत्येक डबीचा पडद्यावर एक ठिपका, आणि ठिपक्यांवर लक्ष ठेवायला आमचे साडू. झालं! तेव्हापासून हा गृहस्थ माणसांशी कमी आणि ठिपक्यांशी जास्त बोलतो. कळमनुरीत एखादा ठिपका जरा रेंगाळला की लगेच फोन : "काहून थांबून राहिला रे? तब्येत बराबर हाय नं?" एकदा एक ठिपका फार हळू चालताना पाहून म्हणाले, "ह्याचं बायकोशी वाजलं. उपाशी निघाला." संध्याकाळी विचारलं तर खरंच वाजलं होतं.

नातेवाइकांचीही सुटका नाही. माझ्या मोबाइलात त्यांनी कधी काय करून ठेवलं, देव जाणे. जवळा बाजारला माझं शिलाईचं दुकान आहे. आठवडी बाजारात मी जिलेबीच्या गाड्यापाशी उभा राहिलो की हिंगोलीहून फोन येतो, "भाऊ, पंधरा मिनिटं झाली. तुमाला शुगर हाय!" घास घशात अडकतो हो! पुतण्याच्या लग्नात नवरदेवाची गाडी उशिरा येत होती, तर यांनी भटजींच्या हातून माईक घेतला आणि "नवरदेवानं डोंगरकडा गाव सोडलं", "नवरदेव पेट्रोल भरून राहिले" असं सुरू केलं. वऱ्हाडी जेवणं सोडून ऐकत बसले.

गेल्या खंडेनवमीच्या आधी त्यांनी ड्रायव्हरांना जमवून भाषण ठोकलं, "गाडीला हार घालता, जॅक-पान्याची पूजा करता. अन् ज्या डबीवर समदं चालतं, तिला काहून इसरता?" एका ड्रायव्हरनं हे फारच मनावर घेतलं. त्यानं रुग्णवाहिकेतली डबी उपटून घरी नेली, हळदीकुंकू लावलं आणि पाटावर पान्याशेजारी मांडली. पूजेतली वस्तू संध्याकाळपर्यंत हलवायची नाही, म्हणून डबी तिथंच ठेवून तो गाडी घेऊन कामावर निघाला. डबीला स्वतःची बॅटरी, त्यामुळे पडद्यावर ठिपका लुकलुकतच होता. आणि त्याचं घर हिंगोलीत, दवाखान्याच्या अगदी मागच्या गल्लीत. हे सगळं आम्हाला मागाहून कळलं.

नेमकी तीच गाडी त्या सकाळी आमच्या दारी आली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या माझ्या लेकीचा रक्तदाब एकाएकी वाढला होता आणि नर्सबाई म्हणाल्या, ताबडतोब हिंगोलीला न्या. सोबत बायको गेली. मी जावयांची वाट पाहत मागं थांबलो. पुरेसा वेळ गेल्यावर जीव राहवेना, म्हणून साडूंना फोन लावला. ऑफिसातली पूजा आटोपून ते नुकतेच पडद्यासमोर बसले होते. "पोचली, भाऊ! ठिपका दवाखान्याला चिकटून हाय. बिनघोर राहा." मी देवाला हात जोडले आणि नुकत्याच आलेल्या जावयांना चहा दिला. त्या वेळी माझी लेक हिंगोलीच्या वाटेवर, औंढ्याच्या पुढं, बंद पडलेल्या गाडीत कळा सोसत होती.

तिथं मोबाइलला रेंज नाही. शेवटी बायको रस्त्याकडेच्या टेकाडावर चढली, तेव्हा साडूंना फोन लागला. "दाजी, गाडी बंद पडली वो! लेकरू लई तळमळून राहिलंय!" त्यांच्या ऑफिसातला माणूस सांगतो, साडूंनी पडद्याकडे पाठ केली आणि डोळे मिटले. "बाई, समोर काय दिसतं ते सांगा." "पिवळं फाटक हाय. आत विहीर हाय, तिच्यावर वड वाकलाय." "कळलं. तिथं मी टायर बदललाय." मग पडद्याकडे वळून त्यांनी औंढ्यात सलाईनचे खोके उतरवणारी औषधाची गाडी हुडकली आणि फोनवर असे ओरडले की शेजारचं ऑफिस जमा झालं, "खोके तिथंच टाक! पिवळ्या फाटकापाशी माही पोरगी हाय, पळ!" त्या गाडीच्या पत्र्यावर सतरंजी अंथरून लेकीला हिंगोलीला नेलं. दुपारी नात झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून उशीर झाला असता तर दोघींचं अवघड होतं.

मी दवाखान्यात गेलो तेव्हा साडू बाहेर जिन्यावर बसले होते. आत यायला तयार नाहीत. "भाऊ, ती तिकडं वरडून राहिली, अन् मी तुमाला पोचली म्हणालो." मला राग यायला हवा होता. पण एवढा बडबड्या माणूस लेकरासारखा रडताना पाहून माझंच मन भरून आलं. लेकीनं आतून "काका" म्हणून हाक मारली, तेव्हा कुठं ते गुडघे धरत उठले.

आता ठिपका दवाखान्यात थांबला तरी ते पोचल्याची नोंद करत नाहीत. ड्रायव्हरला फोन लावून म्हणतात, "पेशंटला दे." आवाज ऐकल्याशिवाय लिहायचं नाही. ड्रायव्हर वैतागतात. एका बेशुद्ध म्हाताऱ्याचा नुसता श्वास ऐकून त्यांनी नोंद केली म्हणे.

परवा लेक बाळाला घेऊन सासरी गेली. घर एकदम ओकंबोकं झालं. साडू रजा टाकून सकाळपासून माझ्या दुकानात बसलेले. दुपारी लेकीचा फोन आला, "काका, पोचलो आम्ही."

"तू पोचली. तिचं काय?"

लेकीनं फोन बाळाच्या तोंडाशी धरला. बाळ काही बोलेना. साडू कानाला फोन लावून तसेच बसून राहिले. मी शिलाई मशीन थांबवलं. बऱ्याच वेळानं पलीकडून एक बारीकसा हुंकार आला.

"पोचली, भाऊ," साडू म्हणाले. पण फोन काही त्यांनी ठेवला नाही. आम्ही दोघं म्हातारे डोकं डोक्याला लावून ऐकत राहिलो.